तेका दम खाऊक दी

गणपतीला गावी जाताना या वेळी गाडीत नेहमीच्या सामानाबरोबर एक नवीन डबी होती. टॉर्चएवढी, काळी, वर छोटा पडदा आणि बाजूला वीतभर रबरी नळी. बटण दाबलं की चाकात हवा भरते आणि ठरवलेला आकडा आला की आपोआप बंद होते. कोल्हापूरहून फोंडा घाट उतरून जायचं, पाऊस, रस्त्याची ती अवस्था, म्हणून घेतली होती. मनात मात्र दुसरंच होतं. बाबांना दाखवायची होती.

बाबांचं मालवण तालुक्यातल्या आमच्या गावच्या तिठ्यावर सायकलचं दुकान होतं. तासाच्या बोलीवर सायकली द्यायचे, पंक्चर काढायचे, हवा भरायचे. दुकान म्हणजे चिऱ्याच्या तीन भिंती, वर नळे आणि पुढे आडव्या फळ्यांचं दार. आत पाण्याची परात, कानस, सोल्युशनची ट्यूब, व्हॉल्वच्या रबरी नळीचे तुकडे आणि कोपऱ्यात पंप. उभा, दोन पाय रोवून धरायचा, लाकडी मुठीचा. चाळीस वर्षांत मुठी चार बदलल्या, पंप तोच.

मी आणि भाऊ सुट्टीत दुकानावर बसायचो. भावाला पंक्चरची गोडी, मला हवेची. साध्या काळ्या सायकलच्या बसलेल्या ट्यूबला तीसपस्तीस दट्टे लागायचे. पहिले दहा फुकट, हाताला काही कळत नाही. मग मूठ जड व्हायला लागते आणि शेवटचे पाचसहा दट्टे अंगाचं वजन टाकून मारावे लागतात. मी इतकी बारीक होते की शेवटी दांडा खाली न जाता मीच वर उचलली जायची. गिऱ्हाईक हसायचं. बाबा हसायचे नाहीत, पुढे होऊन उरलेले दोन दट्टे मारायचे आणि अंगठ्याने टायर दाबून बघायचे.

हा तीसपस्तीसचा आकडा नंतर कधीतरी मी कागदावर सोडवून पाहिला. पंपाची नळी आतून साधारण अडीच सेंटिमीटर रुंद आणि दट्टा चाळीसेक सेंटिमीटर जाणारा, म्हणजे एका दट्ट्यात जवळजवळ 200 घन सेंटिमीटर हवा. ट्यूबमध्ये जागा सव्वादोन लिटरच्या आसपास. तिला 40 पीएसआयपर्यंत (हे दाबाचं माप, चौरस इंचाला इतके पौंड) न्यायचं तर बाहेरची सहासव्वासहा लिटर हवा आत कोंबावी लागते. भागाकार केला, बत्तीस आले. इतकी वर्षं हाताने जे मोजलं ते कागदावर तसंच उतरलेलं बघून मला उगीचच भरून आलं. (गणितात पस्तीस मार्कांवर सुटलेल्या बाईने हे लिहावं, यात गंमत आहे.)

पंपाची दुसरी आठवण चटक्याची. दहापंधरा सायकलींना ओळीने हवा मारली की पंपाचं बूड हात लावू देत नसे. शाळेत सरांना विचारलं तर ते म्हणाले, घर्षण. दट्टा नळीला घासतो म्हणून गरम होतो. मी घरी येऊन तसंच सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी पंपाची रबरी नळी कशालाच न जोडता मोकळी सोडली आणि मला म्हणाले, मार शंभर. मी मारले. घासणं तेवढंच होतं, हात दुखला तेवढाच, पण बूड जेमतेम कोमट. मग टायर जोडून मारायला लावले. तीस दट्ट्यांत चटका. तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "घासून न्हय, चेपून."

बाबा सातवी शिकलेले. बॉइलचं नाव त्यांच्या कानावर गेलेलं नव्हतं. हवा जितकी दाबाल तितकी ती कमी जागेत बसते हा त्याचा नियम 1662 सालचा, आम्हाला तो नववीत आला. पण त्या नियमात एक अट असते आणि ती परीक्षेपुरती पाठ करून आम्ही विसरून जातो. तापमान तेच राहिलं तर. पंपात ते तेच राहत नाही. आपण दट्टा दाबतो म्हणजे हवेच्या कणांना मागून ढकलतो, ते जास्त वेगाने धावायला लागतात आणि हवा तापते. तीस अंशांची हवा झटकन 32 पीएसआयपर्यंत चेपली आणि तिची उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, तर हिशेबाने ती दीडशे अंशांच्या घरात जाते. प्रत्यक्षात नळीचा पत्रा उष्णता शोषून घेतो, म्हणून बोट फक्त पोळतं, भाजत नाही. बंदरावरच्या होड्यांची डिझेल इंजिनं याच चटक्यावर चालतात. त्यांना ठिणगीचा प्लग नसतो. हवा पंधरावीस पट चेपायची आणि त्या तापलेल्या हवेत तेल सोडायचं, ते आपसूक पेटतं. रुडॉल्फ डिझेलचं नीट चालणारं इंजिन 1897 सालचं. त्याला एवढं सुचलं तेव्हा त्याचंही बोट कधीतरी पंपाच्या बुडावर पोळलेलं असणार अशी माझी आपली समजूत आहे. पुरावा काही नाही.

असो. डबीकडे येते.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोचलो. बाबा पडवीत खुर्चीवर बसलेले. दुकान बंद करून नऊ वर्षं झाली. तीस वर्षं ओढलेल्या बिड्यांनी छातीचं जे करायचं ते केलंय, आता दोन खोल्या चालून आले की थांबावं लागतं. मी डबी त्यांच्या हातात दिली.

"गो, ह्या काय हाडलंस?"

"पंप. गाडीच्या चाकात हवा भरायचा."

"ह्यो? ह्येच्यात हवा खय मावतली?"

खरा प्रश्न हाच. गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरला मोठी टाकी असते, आधी हवा चेपून साठवायची आणि मग सोडायची. या डबीत साठवण काहीच नाही. घे आणि दे, घे आणि दे. मी गाडीच्या मागच्या चाकातली हवा थोडी सोडली, नळी लावली, 32 चा आकडा ठेवला आणि बटण दाबलं. असा काही कर्कश आवाज सुरू झाला की आई पिठाच्या हाताने बाहेर आली. रोवळी घासल्यासारखा, पण सलग. बाबांनी डबी हातात धरून ठेवली होती. तिसऱ्या मिनिटाला त्यांच्या चेहऱ्यावर मला ओळखीचं काहीतरी दिसलं. ते म्हणाले, "गरम झालो."

पुढच्या अर्ध्या तासात वॉरंटी संपली. मी आंघोळीला गेले होते. येऊन बघते तर पडवीत वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर चार स्क्रू ओळीने मांडलेले आणि डबीचे दोन भाग. आत पेन्सिल सेलपेक्षा जाड असे दोन लिथियमचे सेल, दाब मोजणारं नखाएवढं काही लावलेली हिरवी पट्टी, एक मोटर, तिच्यापुढे दातेरी चक्र आणि चक्राला जोडलेला इवलासा दट्टा, दोन बोटं जाड नळीत मागेपुढे होणारा. दट्ट्याच्या डोक्याला कडं. नळीच्या टोकाला पातळ पत्र्याची झडप, हवा बाहेर जाताना उघडणारी, परत येऊ न देणारी. नळीभोवती धातूच्या पाकळ्या, मोटारसायकलच्या इंजिनाला असतात तशा, उष्णता बाहेर टाकायला.

बाबांनी चष्मा वर केला. "ह्यो तर आपलोच पंप! उभो होतो तो आडवो केल्यानी."

मग मला ते सांगायला लागले, जसं काही डबी त्यांनीच बनवली आहे. आमच्या पंपाच्या दट्ट्यात दोनशे घन सेंटिमीटर, याच्यात फार तर पाच. छोट्या गाडीच्या टायरात जागा तीसेक लिटर. पूर्ण बसलेलं चाक 32 ला न्यायचं तर बाहेरची सहासष्ट लिटर हवा हवी. बाबांच्या पंपाने तीनशेतीस दट्टे. डबीला तेरा हजार, तेही एकही दट्टा वाया गेला नाही तर. आणि वाया जातातच. दट्टा टोकाला पोचला तरी झडपेजवळ केसभर जागा उरते. तिथे अडकलेली चेपलेली हवा दट्टा मागे येताना पुन्हा फुगते आणि नव्या हवेची जागा अडवते. टायरातला दाब वाढेल तशी ही अडवणूक वाढते. म्हणून शेवटचे चार पीएसआय चढायला पहिल्या चारांपेक्षा जास्त वेळ लागतो. हिशेब माझा, पण केसभर जागेचं त्यांनी ओळखलं. झडपेचं बघून, "आमच्या पंपात तां वायसर करी," म्हणाले. चामड्याचा वायसर वाटीसारखा, दाब आला की त्याच्या कडा पसरून नळीला चिकटतात. वर ओढताना त्याच कडा सैल पडतात आणि बाजूने हवा आत येते. झडप आणि दट्टा दोन्ही कामं एक चामड्याचा तुकडा करायचा. फक्त तो सुकता कामा नये. पावसाळ्यात त्याला बुरशी, उन्हाळ्यात तडे. दर पंधरा दिवसांनी बाबा त्याला खोबरेल चोळायचे. आमच्या दुकानाला तो वास होता, रबर आणि खोबरेल.

इथपर्यंत मी मनातल्या मनात हा लेख लिहायला सुरुवात केलेली होती. हाताची कला, यंत्राचा कर्कश आवाज, चामड्याचा वायसर. बाबांनी त्यावर पाणी ओतलं. स्क्रू बसवता बसवता म्हणाले, "ह्यो आधी गावलो असतो तर माझो खांदो शाबूत ऱवलो असतो."

मी म्हटलं, पण बाबा, पंपाची मजाच वेगळी होती.

"तुका मजा वाटता. तू सुटयेत भरलंस. मी रोज भरलंय."

हे मला लागलं आणि लागायलाच हवं होतं. शेवटच्या दट्ट्याला मुठीवर किती भार पडतो? 40 पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला पावणेतीन किलोहून थोडं जास्त, नळीचं तोंड पाच चौरस सेंटिमीटर, म्हणजे चौदा किलो. तेही वायसरचं घासणं सोडून. एका दट्ट्याला चौदा किलो म्हणजे काहीच नाही. दिवसाला दोनतीनशे दट्टे आणि चाळीस वर्षं, याचा गुणाकार मी केला नाही.

तसं बघितलं तर आमच्या लहानपणी घरात हवा चेपणारी बरीच आयुधं होती आणि प्रत्येकाच्या मागे एक माणूस होता. चुलीपाशी आईची फुंकणी. गाल फुगवून माणूस जास्तीत जास्त दीडदोन पीएसआय काढतो, पण ओलं सरपण पेटवायला तेवढा पुरतो, डोळे लाल होतात ते वेगळं. स्टोव्ह होता. लिंडक्विस्ट नावाच्या स्वीडिश माणसाने 1892 साली काढलेला तो पितळी प्राइमस, टाकीत हवा मारायची म्हणजे रॉकेल वर चढतं आणि तापलेल्या नळीत त्याची वाफ होते. जत्रेला पेटी होती. पायाने भाता मारायचा परदेशी बाजा कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी 1875 च्या सुमारास हाताने भाता मारायच्या पेटीत बसवला, तेव्हा कुठे तो मांडी घालून बसणाऱ्यांच्या कामाचा झाला. दशावतारात पेटीवाला रात्रभर डाव्या हाताने भाता हलवतो आणि उजव्या हाताने संकासुराला नाचवतो. कुणी त्याच्या डाव्या हाताचं कौतुक केलेलं मी ऐकलं नाही.

आणि बत्ती. गॅसबत्तीवर मी खरं तर वेगळं लिहायला हवं. स्पिरिट ओतून आधी तापवायची, मग पंप मारायचा, मग भक् करून मेंटल पांढरं व्हायचं. मांडवाला चार बत्त्या लागायच्या आणि त्यांतल्या दोन बाबांच्या ताब्यात, कारण पंप म्हटलं की गावाला बाबा आठवायचे. पहाटेच्या सुमारास, राजा रंगात आलेला असताना, एखादी बत्ती बसायला लागायची. आधी उजेड पिवळा, मग तांबूस. टाकीतला दाब उतरलेला असायचा. कुणीतरी ओरडायचं, बत्ती बसली रे! बाबा चादर बाजूला करून उठायचे, खांबाशी जाऊन वीसेक दट्टे मारायचे, राजाचा मुकुट पुन्हा चमकायला लागायचा. बाबांनी दशावताराचा एकही शेवट सलग बघितलेला नाही असं ते सांगतात.

चतुर्थीच्या संध्याकाळी लाईट गेली. पावसाळ्यात आमच्याकडे ती जाते हे सांगण्यासारखं नाही, पण वेळ बाबांच्या औषधाची होती. त्यांचं नेब्युलायझर विजेवर चालतं. तेही एक हवा चेपणारं खोकंच, आत मोटर आणि दट्टा. मिनिटाला सहासात लिटर हवा बारीक छिद्रातून जोराने सोडायची. त्या झोताशेजारी दाब कमी होतो, औषध वर ओढलं जातं आणि त्याचे पाच मायक्रॉनहूनही बारीक थेंब होतात. याहून मोठे थेंब घशातच अडकतात, खाली छातीत पोचत नाहीत. बाबांच्या छातीला तो अर्धा चमचा धुरळा लागतो आणि तो करायला वीज लागते. इन्व्हर्टर होता, पण गणपतीच्या माळांनी सकाळपासून तो चोखून घेतलेला.

अंधारात बाबांचा श्वास ऐकू येत होता. शिट्टीसारखा, बाहेर सोडताना लांब. त्यांनी मला खूण केली. डबी.

"ह्येची नळी माझ्या मशीनीक जोडली तर?"

मी दोन क्षण खरंच विचार केला. हवा तीच, दट्टा तसाच. मग नाही म्हटलं. हवा भरायच्या डबीत वंगण असतं, कड्याची झीज असते, ती सगळी हवेबरोबर बाहेर येते. टायराला त्याचं काही नाही, छातीला आहे. नेब्युलायझरच्या हवेला गाळणी असते, हिला नाही. तारकर्लीला पाण्याखाली जाणाऱ्यांच्या नळकांड्या भरतात ते मी एकदा उभी राहून बघितलं होतं. अकराबारा लिटरच्या नळकांड्यात 200 बारपर्यंत हवा, म्हणजे आमच्या गाडीच्या टायराच्या नव्वद पट दाब. एका दमात तेवढं चेपलं तर हवा भयंकर तापेल, म्हणून तीनचार टप्प्यांत चेपायची, मधे मधे निववायची. तिथला मुलगा दाबापेक्षा गाळणीबद्दलच जास्त बोलत होता. हवा घ्यायचं तोंड इंजिनाच्या धुरापासून लांब ठेवायचं, नाहीतर तोच धूर खाली समुद्रात माणसाच्या नाकात. आणि पाणी काढायचं. आमच्याकडची हवा म्हणजे अर्धं पाणीच. चेपून निवली की ते सुटतं. भर पावसात टायर भरलं तरी आत गुपचूप दीडेक ग्रॅम पाणी जातं.

हे सगळं मी अंधारात बाबांना सांगितलं नाही. म्हटलं, नको, त्यात तेल असतं.

"माका म्हायत आसा," बाबा म्हणाले. थांबले. "इचारून बघलंय."

शेवटी नेहमीचा पंप काढला, तोंडात धरून दाबायचा तो, फुगा जोडून. तोही पंपच म्हणतात त्याला आमच्याकडे. चार वेळा ओढल्यावर शिट्टी बारीक झाली. भावाने गाडीची बॅटरी जोडून नेब्युलायझर चालवायची योजना मांडली, आईने ती एका वाक्यात मोडीत काढली. पाऊण तासाने लाईट आली.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. मी उठले तेव्हा खळ्यात शेजारची तीन पोरं सायकली घेऊन ओळीत उभी. बाबा खुर्चीवर, मांडीवर डबी. एक चाक झालं की बटण बंद करत होते. दुसरं पोर पुढे सरकलं तसा त्यांनी हात आडवा केला. डबीच्या कागदावर लिहिलेलं असतं, दहा मिनिटं चालवलीत तर तेवढाच वेळ बंद ठेवा. तो कागद बाबांनी उघडलेलाही नव्हता. पाकळ्यांवर पालथा हात ठेवून बघत होते, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"थांब मेल्या. तेका दम खाऊक दी."

गौरी विसर्जनानंतर निघालो. फोंडा घाट अर्धा चढून झाल्यावर गाडी डावीकडे ओढायला लागली. डिकी उघडली तर डबी नाही. चार्जिंगची वायर नाही. इतकंच काय, ज्या खोक्यातून ती आली ते खोकंही नाही. विसरली म्हणावं तर एवढं व्यवस्थित कुणी विसरत नाही. घाटमाथ्यावर पहिलं गॅरेज दिसलं तिथे खिळा काढून घेतला, हवा भरली आणि घरी पोचल्यावर फोन लावला.

"किती भरल्यान?"

"बत्तीस."

"घाट चढल्यार भरलंस मां? टायर गरम आसतलो. मगे ता बत्तीस न्हय. उद्या सकाळी गाडी हलवच्या आधी बघ, तीनेक कमी दाखयतला."

मी म्हटलं, गाडी न हलवता बघू कशाने? पेट्रोल पंपापर्यंत न्यायची म्हणजे टायर पुन्हा गरम. आणि मोजायची डबी तर तुमच्याकडे.

पलीकडे बराच वेळ काही नाही. मागे आवाज येत होता, रोवळी घासल्यासारखा, सलग.

"जुनो पंप धाडतंय येष्टीन," बाबा म्हणाले. "वायसराक तेल घालून ठेवलंय."